पायाळू गाठ!

महाडच्या दवाखान्याबाहेर कुशाबा कंबरेत वाकून उभा होता. शेजारच्या बाकावर मोडक गुरुजी पुस्तकात तोंड घालून बसले होते. कान मात्र कुशाबाच्या बायकोकडे. गोदू तिथं भेटलेल्या बनुबायला गाऱ्हाणं सांगत होती.

“बनुबाय, उद्या शिमग्याची पालखी नाचवायची, आन् ह्यांच्या पाठीत उसण भरली!”

“हाडवैद्याकडं ने गो, गोदू.”

“नेलं! डाक्तर म्हनतो, हाडवैद्यानं पाठ बिघडवली. हाडवैद्य म्हनतो, डाक्तरला पाठ कळतच नाय!”

“मग पायाळू गाठ! पायांकडून जन्मलेल्यानं लाथ मारली की उसण पळते.”

“आता कुठं शोधू गो?”

गुरुजींनी पुस्तक मिटलं. “मी... मी पायाळू आहे. आई सांगायची.”

“अगो बाय! मग उठा, हाणा लाथ!”

“मला जमेल का?”

वाकलेला कुशाबाच ओरडला, “गुरुजी, शाळेत कधी हात उगारलात नाय, आज पाय उगारा!”