रत्नीच्या हरभऱ्यात पाणी सोडायला गेले तेव्हा

ऐका. शेंगा फोडायच्या थांबवू नका, हात चालू राहू द्या आणि कान इकडं द्या. ए किसना, दाणे तोंडात नाही, सुपात टाक. बियाणं आहे ते.

ही कुणाची ऐकीव गोष्ट नाही. माझ्यावर बेतलेली आहे. एकोणीस वर्षांची होते मी. मार्गशीर्ष महिना, अवस दोन दिवसांवर. थंडी अशी की दात वाजावेत. आणि मी एकटी, हातात खुरपं घेऊन, कॉलेजच्या मळ्याकडं निघालेली. अंधारात. चोरासारखी!

कॉलेज म्हणजे आपलं शेतकीचं. सरकारी, पण लहानसं. चार पत्र्याच्या खोल्या, एक प्रयोगशाळा आणि मागं काळी जमीन, नजर पुरत नाही एवढी. पोरं पाऊणशे. पोरी फक्त दोन. एक मी, द्वारका. दुसरी रत्नमाला टेकाळे, तालुक्याच्या शिंप्याची लेक. दोघींना मिळून एकच खोली.

ही रत्नी आली तेव्हा तिला खुरपं धरता येत नव्हतं. देवाशप्पथ! गहू कुठला आणि गवत कुठलं, कळायचं नाही तिला. मी शिकवलं. हाताला धरून शिकवलं. मी काय, चालायला लागल्यापासून रानात. शेतकीत माझ्यापुढं ही कोण?

मग दुधगावकर सरांनी प्रत्येकाला एकेक वाफा दिला. हरभऱ्याचा. वाफ्याच्या तोंडाला लाकडी पाटी, पाटीवर नाव. ज्याचा वाफा चांगला येईल त्याला महिनाभर विद्यापीठाच्या मळ्यावर पाठवणार, असं सर म्हणाले. म्हणलं, झालं. मीच जाणार.

आणि उगवला कुणाचा? रत्नीचा! माझाही बरा होता, पण तिचा? गुडघ्याएवढा, हिरवागार, घाट्यांनी लगडलेला. ती रोज वही घेऊन जायची. मोजायची. लिहायची. कुठल्या दिवशी शेंडे खुडले, कुठल्या दिवशी अळी दिसली. एक दिवस सर सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "द्वारका, शेजारी बघ जरा. असं करतात."

असं करतात! मला! शिंप्याच्या पोरीकडं बघून शिकायला सांगितलं मला!

काय सांगू तुम्हाला. जेवताना घास फिरायला लागला. ती झोपली की तिच्या श्वासाचा राग यायचा. ती हसली की वाटायचं मलाच हसली. आणि ती बिचारी मला "द्वारके, केसांना तेल लावून देऊ का?" म्हणायची. त्याचाही राग!

तर त्या रात्री मोटार चालू होती, पाट भरून वाहत होता. हरभऱ्याला पाणी जास्त झालं की तो उभळतो. दोन दिवसांत पिवळा, चार दिवसांत खलास. मला फक्त पाट फोडायचा होता. खुरप्याचे चार घाव.

जेवणं झाली. रत्नी खोलीत वही लिहीत बसली होती. म्हणलं, जरा बाहेर जाऊन येते. आणि निघाले.

मळ्याकडं दोन वाटा. एक सडकेनं, पण तिथं राखणदार रहीमचाचा शेकोटीला बसायचे. दुसरी जुन्या विहिरीच्या बांधानं. त्या बांधाचं चाचांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "पोरींनो, दिवेलागणीनंतर तिकडून जायचं नाही. चकवा आहे. माणूस गोल गोल फिरतं आणि शेवटी विहिरीत जातं." पण चाचांच्या डोळ्यासमोरून कशी जाणार मी? बांधच धरला.

थोडी पुढं गेले. आणि बघते तर काय, पुढं कंदील!

कंदील हलतोय. धरणारी बाई. अंगावर निळी शाल, खांदा जरा वाकडा, चाल ओळखीची. रत्नी! अरे, आत्ता खोलीत होती की ही! सडकेनं पळत आली असणार. म्हणजे ही रात्रीचीसुद्धा वाफ्यावर येते? म्हणून सर तिला शाबासकी देतात! माझ्या अंगाचा भडका उडाला. भीती? भीती कुठली! आधी हिला गाठायचं, एवढंच डोक्यात.

मी पाय उचलला. कंदील तेवढाच लांब. मी पळाले. कंदील तेवढाच लांब! उजव्या हाताला एक तुटकी बाभूळ लागली. पळत राहिले. परत तीच बाभूळ. परत पळाले. परत बाभूळ! तेव्हाच शहाणं व्हायचं ना? नाही झाले. म्हणलं, ही मलाच दमवतीये.

मग एकदाचा मळा लागला. पहिली पाटी दिसली. अंधारात अक्षरं स्पष्ट. कशी स्पष्ट, ते विचारू नका. 'रत्नमाला टेकाळे.' दुसरी पाटी, 'रत्नमाला टेकाळे.' तिसरी, चौथी, तेच! माझा वाफा बांधाकडून पाचवा. तिथं गेले. तिथंही 'रत्नमाला टेकाळे'! पाऊणशे वाफे आणि माझ्या नावाचा एक नाही!

मी खाली बसले आणि पाटावर खुरपं घातलं. एक घाव. दोन घाव. माती हलेना. मान वर केली, तर पाटीवर नाव बदललेलं. 'द्वारका.' मी माझाच वाफा बुडवायला निघाले होते! उठून शेजारी गेले. तिथं खुरपं उचललं, की तिथंही 'द्वारका'. सोडलं, की 'रत्नमाला'. असं किती वेळ चाललं, देव जाणे. घाम फुटला, त्या थंडीत!

आणि मग आवाज आला. सरांचा. "शाबास, रत्नमाला." कुठून? कंदिलाकडून. मी तिकडं वळले. आता कंदिलापाशी दोघं होते. ती, आणि एक धोतरातला माणूस, डोक्याला मुंडासं. माझा बाप!

हसता काय रे? माझा बाप तेव्हा पन्नास कोस लांब, गावाकडं झोपलेला. मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण डोळ्यांना दिसत होतं ना! बापानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अशी लेक पाहिजे होती मला."

माझ्या डोक्यावर त्यानं असा हात कधीच ठेवला नव्हता, पोरांनो. कॉलेजला निघाले तेव्हासुद्धा नाही.

मी खुरपं उगारलं आणि पळत सुटले. नुसती पळाले. तेवढ्यात मागून हाक आली. "द्वारके! थांब! पुढं विहीर आहे!"

आवाज रत्नीचा. पुढं रत्नी, मागं रत्नी! आता खरी कुठली?

पुढची थांबली. पहिल्यांदा थांबली. माझ्याकडं वळली आणि शांतपणे म्हणाली, "राहू दे द्वारका. तुझ्यानं नाही व्हायचं."

झालं! मला वाटलं मागचीच खोटी, मला मुद्दाम अडवतीये. मी झेप घेतली. तेवढ्यात एक गोष्ट दिसली. कंदील एवढा पेटलेला, पण खाली जमिनीवर उजेडच नव्हता. आणि पायाखाली जमीनही नव्हती!

तेवढ्यात माझ्या वेणीला हिसका बसला. असा हिसका, की मान मोडतीये वाटलं. मी पाठीवर आपटले. हातातलं खुरपं सुटलं. ते पडल्याचा आवाज कधी आला माहिती आहे? मी दोन श्वास घेतले, तिसरा घेतला, तेव्हा खालून 'डुबुक' झालं. एवढी खोल! आणि कंदील नाही, बाप नाही, काही नाही. नुसता काळोख. माझे दोन्ही पाय गुडघ्यापासून विहिरीत लोंबत होते.

माझी वेणी धरून रत्नी बसली होती. हातात बॅटरी. ती सडकेनं चाचांना विचारत आली होती, आणि चाचाही मागून काठी आपटत येत होते. रत्नी म्हणाली, "खाटेखालचं खुरपं दिसलं नाही. कशाला आली होतीस?"

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलवलं. म्हणलं, "तुझ्या हरभऱ्यात पाणी सोडायला."

तिनं वेणी सोडली नाही. मग हळूच विचारलं, "कंदील दिसला का?"

"तुला कसं माहीत?"

"मला दिवाळीच्या आधी दिसला होता. बॅटरी लावली म्हणून वाचले." मग म्हणाली, "त्याच्यामागं तू होतीस, द्वारके. मातीची मूठ हातात घेऊन सर तुला विचारत होते, वाफसा आला का, माती पेरणीजोगी झाली का? आणि तू न बघता सांगत होतीस. मला ते वही भरूनसुद्धा येत नाही."

मी तिच्याकडं बघतच राहिले. हिला माझं खुपत होतं! माझं!

विद्यापीठाच्या मळ्यावर तीच गेली. तिला एसटीत बसवायला मी गेले होते. पोटात दुखलं नाही म्हणाले तर खोटं होईल. दुखलं. पण पिशवी मीच चढवली.

तर पोरांनो, उद्या तुमच्यातलं कुणी त्या कॉलेजला गेलं, तर सडकेनं जा. लांब पडते, पडू द्या. त्या बांधानं दिवेलागणीनंतर कधी म्हणजे कधी पाऊल टाकू नका. आणि चुकून गेलातच, पुढं कंदील दिसला, धरणारं माणूस तुमच्या ओळखीचं निघालं आणि त्याला गाठावंसं वाटलं, तर आहात तिथं मटकन खाली बसा. उठायचं नाही. कुणीतरी मागून येईपर्यंत बसून राहायचं.