तिजोरीचे अर्धे आकडे

खिडकीच्या काचेवरून बाष्पाचा एक थेंब इतका हळू उतरत होता, की रांगेतल्या लीडाला तो थांबलाच आहे असं वाटलं. बाहेर कॅनडातल्या सस्काचेवान प्रांतातली गव्हाची रानं बर्फाखाली झोपली होती. तिच्यापुढे गावच्या पतसंस्थेचे अध्यक्ष ओरेस्ट काउंटरला टेकून उभे होते. पलीकडून पारास्का, संस्थेची एकुलती एक कर्मचारी, त्यांना म्हणाली,

"ओरेस्टकाका, संध्याकाळी सभा आहे. शहरातल्या मोठ्या संस्थेत विलीन व्हायचं की नाही, ते तुमच्या एका मतावर अडलंय."

"माहीत आहे गं."

"दर हिवाळ्यात हेच म्हणता आणि मत पुढे ढकलता."

"त्यांची तिजोरी म्हणे घड्याळावर आपोआप उघडते."

"आणि फोन केला की नुसता बाजा वाजत राहतो. इथे मी खोकल्यावरून माणूस ओळखते."

"मग तुला विलीन व्हायला नकोच ना?"

"आपल्या तिजोरीचे अर्धे आकडे तुमच्याकडे, अर्धे माझ्याकडे. तिसरं माणूस ठेवणं संस्थेला झेपत नाही. एक जण जरी गावाबाहेर गेला, तरी दार उघडत नाही. म्हणून तर मी अजून समुद्र पाहिला नाही."

"समुद्रात काय बघायचंय? वाऱ्यावर गहू हलतो, तसाच असणार."

"असेल. पण स्वप्नात त्याचा आवाज येतो मला. तो तरी खरा आहे की नाही, कुणाला ठाऊक!"

ओरेस्टनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"रोज सकाळी तुझ्यासोबत ते दार उघडायची सवय झालीय, पारास्का. तेच सोडवत नव्हतं."

"मग?"

"मग काय! आज मी विलीनीकरणाला हो म्हणणार."