काचेवरच्या पट्ट्या

नाही हो, ओल कुठली. ओल लागली की फोटो फुगतो, कडा वळतात, कोपऱ्याला बुरशी धरते – हा बघा, कागद कसा ताठ आहे अजून. तुमच्या भिंतीला उगाच नावं ठेवू नका, भिंत चांगली आहे तुमची. बसा ना, उभ्या का? ते खोकं सरकवा खाली, रिकाम्या फ्रेमा आहेत त्यात, काही होत नाही. मागे शिक्का आहे का? बघू – हो, आमचाच. 'रंग उडणार नाही, उडाल्यास फोटो बदलून मिळेल.' हे अक्षर माझ्या बाबांचं आहे, त्यांच्या हातच्या अक्षरावरूनच शिक्का करून घेतला होता. दुकान त्यांचंच ना मूळचं. तेव्हा भांडायला आला असाल तर हक्काने भांडा. – नाही? भांडायचं नाहीये? मग तर पंचाईतच झाली. भांडणाऱ्याला काय, चार शब्द आपणही ऐकवतो आणि मोकळे होतो. तुमच्यासारखं कोणी मुकाट्याने फोटो पुढे करतं ना, तेव्हा मीच बोलत सुटते. आणि माझं तोंड म्हणजे – आमचे हे म्हणतात, हिला दोन दुकानं सहज चालवता येतील, एक हातांनी आणि एक तोंडाने. आत्ता बाहेर गेलेत, पार्सल आणायला. येतील एवढ्यात.

हे कोण, भाऊ तुमचे? थोरले. वाटलंच, नाक तुमचंच आहे. आणि आता – बरं. नाही, नाही विचारत. कळलं मला.

चेहरा असा हिरवट का झालाय, सांगू? गुलाबी रंग आधी जातो, म्हणून. माणसाचा चेहरा म्हणजे गुलाबी आणि पिवळा, बाकी किरकोळ. त्यातला गुलाबी निघून गेला की राहतं ते असं, आजारी माणसासारखं. निळा मात्र चिवट. मागचं आकाश बघा, जसंच्या तसं आहे. म्हणजे ज्याचं कोणाला काही पडलेलं नाही ते टिकतं आणि ज्याच्यासाठी फोटो काढला ते जातं – असू दे, मी उगाच वाहवत जाते. शाईच्या दोन जाती असतात, ताई. एक पातळ, तिच्यात रंग विरघळलेला असतो, सरबतासारखा. छापताना इतका झकास दिसतो, विचारू नका. दुसरी भुकटीची – म्हणजे अगदी बारीक भुकटी असते रंगाची, ती कागदावर जाऊन बसते आणि बसली की हलत नाही. उन्हात ठेवा, दिव्याखाली ठेवा. बाबांचा शिक्का ह्या भुकटीच्या शाईच्या जिवावर होता. पण तिची मिजास फार. तळाशी बसते, बाटली हलवून घ्यावी लागते. मशीन दोन दिवस बंद राहिलं की भोकं चोंदतात, मग धुवा, पुसा, कोरे कागद वाया घालवा. पातळ शाईला काही लागत नाही. ओतली की चालली.

त्या काचेवरच्या पट्ट्या बघितल्यात येताना? सगळेच विचारतात. एकाच माणसाचा फोटो तीनदा का लावलाय म्हणून. तो माणूस म्हणजे आमचे हेच. दुसरं कोण इतका वेळ न हलता बसणार – मी तर नाहीच. तो आमचा पारखायचा प्रकार आहे, बाबांपासूनचा. नवी शाई आली की एक फोटो छापायचा, अर्ध्यावर काळा पुठ्ठा चिकटवायचा आणि उन्हाच्या काचेला लावून द्यायचा. मग विसरून जायचं. पुठ्ठा काढला की समजतं – झाकलेली बाजू म्हणजे फोटो होता तसा, उघडी बाजू म्हणजे त्याचं काय झालं ते. ह्यांचा अर्धा चेहरा असा पुठ्ठ्याखाली, अर्धा उन्हात. मी चिडवायचे सुद्धा, म्हटलं, अहो, घरात तुम्ही मला अर्धेच कळता, आता गिऱ्हाइकांनाही अर्धेच दिसा.

ह्या वेळी लावल्या त्या खरं तर समोरच्याची खोड मोडायला. समोरच्या कोपऱ्यावर दुकान आहे ना, त्याला आम्ही जोडीवाला म्हणतो. एका फोटोवर दुसरा फुकट देतो. मी येईल त्याला सांगायचे – बरोबरच आहे, पहिला उडणार म्हणून दुसरा आधीच देऊन ठेवतो. हसायची माणसं. मी तीन पट्ट्या लावल्या. एक आमच्या मशीनमधली. एक जोडीवाल्याकडून छापून आणलेली, ओळखीच्या एकीला पाठवून. आणि एक बाजारातल्या सुट्या पातळ शाईची, ती तर उडणारच, नुसती तुलनेला. म्हटलं, उन्हाळा संपू दे, मग गिऱ्हाइकांसमोर पुठ्ठे काढते. आणि काढले हो. गिऱ्हाइकांसमोरच काढले, हीच तर माझी हुशारी.

जोडीवाल्याची पट्टी ठीक होती. थोडी फिकी, पण ठीक. बाजारच्या शाईची हिरवी. आणि आमची – आमची आणि बाजारची शेजारी शेजारी धरल्या तर मला ओळखता येईना कुठली कुठली. मागे लिहिलं होतं म्हणून कळलं. एक बाई उभ्या होत्या, त्या इतकंच म्हणाल्या, अगंबाई. मी असं काहीतरी बोलले की ऊन ह्या बाजूला जास्त येतं. एकाच काचेवर, ताई. एका बाजूला जास्त येतं म्हणे.

मग मी शाईवाल्याला फोन लावला. बाबांच्या वेळेपासूनचा माणूस, म्हातारा झालाय आता. त्याला असं फैलावर घेतलं – म्हटलं, भेसळ करता, माझ्या वडिलांचं नाव घालवलंत, ह्या दुकानाची पायरी चढू नका. त्याने सगळं ऐकून घेतलं. आणि मग म्हणाला, "वहिनी, ती शाई तुम्ही माझ्याकडून घ्यायची केव्हाच थांबवलीत. साहेब बोलले नाहीत का तुम्हाला?" मी म्हटलं, काहीतरीच काय, मी रोज बाटल्या बघते. तर म्हणाला, बाटल्या जुन्या असतील. मध्ये फक्त एकदा एक संच नेला होता साहेबांनी, त्यांच्या आई गेल्या तेव्हा. त्यानंतर नाही.

खरंच होतं, बाटल्या जुन्याच होत्या. लेबल भुकटीच्या शाईचं आणि आत पातळ. भरायचं काम ह्यांचं, आतल्या खोलीत. मी पुढे काउंटरवर, शिक्का मारायला. 'रंग उडणार नाही.' तुमच्या ह्या फोटोवर पण मीच मारला असणार, बघा ना, जरा तिरका आहे, माझा नेहमी तिरका पडतो.

तुम्हाला वाटेल पैशासाठी. मलाही आधी तेच वाटलं, आणि खरं सांगू, तसं असतं तर बरं झालं असतं. पैशाची ओढ समजू शकते माणूस. पण तसं नाही. नुसता कंटाळा. मशीन चोंदतं, धुवावं लागतं, हात काळे होतात – त्याचा कंटाळा. बाबांच्या हाताखाली शिकलेला माणूस हा. बाबांनी ह्यांना कॅमेरा धरायला शिकवला, आतल्या खोलीची किल्ली दिली, आणि मुलगीसुद्धा – तेव्हा मीच हट्ट धरला होता म्हणा. बाबा म्हणाले होते, मुलगा चांगला आहे, जरा आळशी आहे. मला वाटलं, आळस काय, त्याने कोणाचं वाईट होतं.

त्या दिवशी घरी गेले आणि हॉलमध्ये उभी राहिले. आमच्या हॉलमध्ये दोन फोटो आहेत, खिडकीसमोर, एका ओळीत. एक सासूबाईंचा, एक बाबांचा. दोन्ही ह्यांनीच छापलेले, ह्याच मशीनवर. सासूबाई आधी गेल्या, त्यांचा आधीचा. बाबांचा नंतरचा. आणि उडालाय कुठला? नंतरचा. सासूबाई अशा ताज्या – गालावरची लाली, कपाळावरची आठीसुद्धा जागच्या जागी. आणि बाबा शेजारी हिरवे पडलेले. रोज बघत होते मी, ताई. रोज त्यांच्याखाली बसून चहा पीत होते. माझ्याच घरात, माझ्याच भिंतीवर पट्ट्या लावलेल्या होत्या आणि मी अख्ख्या जगाच्या शाया पारखत बसले होते. मला वाटायचं, बाबा मुळात सावळेच, म्हणून तसे दिसत असतील.

तुमच्या भावाचा होईल परत, काळजी करू नका. फाइल आहे माझ्याकडे. गिऱ्हाइकांच्या सगळ्या फाइली मी जपते, त्या बाबतीत डोळ्यात तेल घालून असते. बाबांची नाही. बाबा जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे उभे राहिलेले, त्यांचे फोटो कोण काढणार? तो एकच धड होता, मी काढलेला, त्यांना खुर्चीत बळेच बसवून. छापून भिंतीवर लागला, छान आला, आणि मी फाइल पुसून टाकली. जागा हवी होती. म्हटलं, घरात लागलाय की, आपली शाई आहे, उडतेय कुठे. दुसऱ्या कोणी इतका विश्वास टाकला असता का शाईवर? दुकानदाराची बायकोच टाकणार.

मी तोच फोटो परत कॉम्प्युटरवर घेऊन रंग भरून बघितला. भरतो हो तो, पाहिजे तेवढा गुलाबी भरतो. पण किती भरायचा? बाबा सावळे होते – पण किती सावळे? मला आठवेना. स्वतःच्या बापाचा रंग आठवेना. थोडा जास्त केला तर ते कोणी दुसरेच काका दिसायला लागले, कमी केला तर परत आजारी. शेवटी फ्रेम उघडली. आत फोटोच्या कडेला पुठ्ठ्याची पट्टी असते ना, त्या पट्टीखाली ऊन लागलं नव्हतं. तिथे बाबांच्या हाताची बोटं होती, खुर्चीच्या दांड्यावर टेकलेली. फक्त टोकं. नखं आणि जराशी कातडी, जशीच्या तशी, त्यांच्या रंगाची. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. एवढेच उरलेत माझे बाबा, चार बोटांची टोकं, आणि तीही पुठ्ठ्याने वाचवली, माणसाने नाही.

ह्यांना? नाही, बोलले नाही अजून. कारण विचारलं की ते काहीतरी सांगतील, आणि मी ते मानून घेईन. मला सवय आहे. इतके दिवस झाले, ते त्या पट्ट्यांसमोरून जातात येतात, स्वतःच्या अर्ध्या हिरव्या तोंडासमोरून, आणि मला विचारतात, काय गं, जोडीवाल्याची उडाली का? मी म्हणते, बघू.

आणि मी काय केलं सांगू – सांगू नये खरं तर. तुमची माझी नीट ओळखही नाही. चौथी जागा दिसतेय का तिथे, चिकटपट्टीची खूण आहे ती? तिथे मी सासूबाईंचा फोटो लावला होता. घरून आणून. ह्यांना सांगितलं, फ्रेमची काच तडकलीय, दुरुस्तीला दिलीय. आणि इथे उघड्या उन्हात लावला, तोंड बाहेर उन्हाकडे, पाठ माझ्याकडे, म्हणजे आतून कोणाला कळू नये. त्या बिचारीचा काय दोष? माझ्याशी कधी वाईट वागल्या नाहीत, उलट मला हवं ते करून घालायच्या. पण माझ्या मनात आलं, उडू दे. ह्यांनाही समजू दे, आपल्या आईचा चेहरा हिरवा झालेला बघून कसं होतं ते. सगळं ऊन खाल्लं त्या फोटोने. आणि काढून बघितला तर – काही नाही. तशाच बघत होत्या माझ्याकडे. इतकी चांगली शाई आहे ती, ताई. बाबा खरंच सांगायचे. परत नेऊन भिंतीवर लावला.

म्हणजे ह्यांना माहीत होतं, कुठली शाई टिकते ते. इतकंच मला खुपतं. कळत नव्हतं असं असतं तर मी एका दिवसात विसरले असते. पण आईचा फोटो छापायचा म्हणून त्यांनी मशीन धुतलं. भोकं साफ केली, हात काळे केले, शाईवाल्याकडे स्वतः गेले. आईसाठी कंटाळा आला नाही. आणि परवा मी आतल्या खोलीत वरचं कपाट आवरत होते, तर मागे, फडक्यात गुंडाळून, तो संच. जपून ठेवलेला. अर्ध्याहून जास्त भरलेला हो. बाबांचा फोटो छापला तेव्हा तो तिथेच होता, हाताच्या अंतरावर. नुसतं मशीन धुवायचं होतं.

रडू नका तुम्ही. मी रडत नाहीये ना? पाणी देऊ? – थांबा. पावलं त्यांचीच.

आलात? मिळालं पार्सल? ठेवा तिकडे. ह्या ताई, आपल्याच गिऱ्हाईक. ह्यांच्या भावाचा फोटो उडालाय. – नाही, ऊन नाही. ओलही नाही. परत छापून द्यायचाय, शिक्का आहे आपला. फाइल मी काढून देते. – ते मशीनमध्ये भरलंय ते नको. मशीन धुवा आधी. – हो, आत्ता. आणि वरच्या कपाटातल्या बाटल्या घ्या, फडक्यातल्या. आईंच्या फोटोला वापरलेल्या. नीट हलवून घ्या, रंग तळाशी बसला असेल.

घ्या ना. उभे का राहिलात?

ताई, तुम्ही या आता. फोटो उद्या मिळेल. तो जुना मात्र टाकू नका, फ्रेमच्या पट्टीखाली होती ती कड बघा एकदा, काही राहिलं असेल. आणि जाताना दार ओढून घ्या.