गोपाळचा मोडलेला हात

आमचा गाव नाटे, राजापूरकडला, खाडीच्या तोंडावरचा. तिसरीत होतो तेव्हा बाबा वारले आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढं विशीत धाकूतांडेलानं मला आपल्या पडावावर, म्हणजे तो हाकायचा त्या शिडाच्या गलबतावर, खलाशी म्हणून घेतलं, त्याचे उपकार मी इथं कराचीच्या गोदीत राबतानासुद्धा विसरलो नाय. पण काय सांगू तुम्हाला, माझी जीभ वाईट. अंगात बळ कमी, म्हणून याचं त्याला, त्याचं याला सांगायचो, आणि लोक हसले की वाटायचं, आपण पण कोणीतरी आहोत.

पडावाचं शीड म्हणजे भारी वजन. एकानं लांब हाक द्यायची आणि तिच्या तालावर बाकीच्यांनी दोर ओढायचा. हाक देणं हा मान, तो आमच्याकडे सीतारामदादाचा. आमच्यातलाच एक खलाशी गोपाळ एकदा त्याच्या हाकेला नुसता हसला, बोलला काय नाय. मी मात्र मंगळूरहून कौलं भरून निघालो त्या सकाळी सीतारामच्या कानाला लागलो, दादा, गोपाळ बोलतो, तुझी हाक म्हणजे बोकड कापल्यागत. मला वाटलं, चार शिव्या होतील, गंमत होईल. सीतारामनं वल्हं उचललं आणि गोपाळच्या उजव्या हातावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. अजून ऐकतो.

तांडेलानं हाताला बांबूच्या कांब्या बांधल्या, मग विचारलं, कोणी मारलं? सीताराम बोलला, मी. का मारलंस? सीतारामनं माझ्याकडे बघितलं, पण नाव नाय घेतलं. तांडेल बोलला, रत्नागिरीला उतर, परत माझ्या पडावावर चढू नको.

सीतारामच्या घरी चार पोरं. तरी मी गप्प, बोललो तर माझी जागा जाणार, घरी आय एकटी. पण रत्नागिरीचा किल्ला दिसायला लागला, सीताराम बोचकं बांधायला बसला, आणि मी कसा उठलो ते मलाच ठाऊक नाय. बोललो, तांडेलानू, गोपाळ असं काय बोललाच नव्हता, आग मी लावली.

तांडेल सुकाणूवरून हलला नाय. बोलला, वाटच बघत होतो, कंच्या बंदराला तोंड उघडतोस. मी बोललो, मग अर्धा दोष माझा, दादाला ठेवा. तर बोलला, दोष काय भाकरी हाय, अर्धी तुला नि अर्धी त्याला? वल्हं त्यानं उचललं, ते सगळं त्याचं. शब्द तू उचललास, तो सगळा तुझा. गोपाळ, हात तुझा गेला, तू सांग.

गोपाळ बोलला, दोघांना ठेवा. आणि या नारदाला सांगा मला भरवायला, माशाचे काटे बघून भरव म्हणावं, याचा भरवसा नाय.

सीताराम खाली मान घालून बोलला, आजपासून हाक गोपाळची. मी ओढतो.

पुढं शीड चढवलं तेव्हा हात गळ्यात बांधलेल्या गोपाळनं हाक दिली, सीताराम सगळ्यांत पुढं दोराला. शीड वर जाताना मी बघतच राहिलो. एवढी मोठी माणसं, आणि मी त्यांच्यात घशात टोचणारा काटा.

दोन महिने मी गोपाळला भात भरवला. आता इथं गोदीत मारामारी झाली की आग लावणारा बाजूला उभा राहून बोलतो, मी कुठं हात लावला? आणि माझ्या जिभेवर टोचणारं काय आलं, की गोपाळच्या दाढीचे खुंट माझ्या बोटांना लागतात, मी तोंड मिटतो. त्याचा हात वाकडाच राहिला. त्याच हातानं आता तो धाकूतांडेलाचा पडाव हाकतो. देव त्याला वारा देवो.