सुपारी फोडायच्या दिवशी वाजलेलं गाणं

अवो, ताल न्हाई, ठेका न्हाई, त्याला गाणं म्हणायचं तरी कसं? पण मी त्वांड उघडलं की तेजस्विनीताई म्हणायच्या, 'दादाभाऊ, ही कला आहे!' आता मी आळे गावच्या ब्यांडात कॅसिओ वाजवणारा गडी, वराती नाचवून बोटं झिजली माझी... अन् ह्या बाई पुण्याहून कंप्युटर घेऊन आल्या, म्हणल्या, 'आपण मिळून नव्या प्रकारचं गाणं करू.' मला वाटलं, वाजवू धडाडधूम! कसलं काय राव! दिवसभर एकच पट्टी दाबून ठिवायला लावली. म्हणलं, ताई, नाकावर माशी बसलीया. 'बसू द्या. ही कला आहे!'

मंग म्हणल्या, गावरान आवाज पायजे. इथं माझं डोकं चाललं. तवा तळेघरच्या उज्ज्वलाशी माझं लगीन जमत आलं व्हतं, पण तिचे वडील भिकाबाबा अडून बसल्याले... 'कॅसिओवर संसार व्हतो व्हय?' त्यात त्यांची मोरी म्हैस पावसाळ्यात रानात गेली ती आलीच न्हाई, मंग काय, म्हातारा आणखीनच चिडका! म्हणलं, व्हणाऱ्या सासूबाईंचाच आवाज घेऊ, म्हणजे जमंल. त्या, बायडाबाई, रोज सांजच्याला बांधावर उभ्या राहून गुरं बोलवायच्या, हरवल्याल्या मोरीलाबी, 'येऽऽ मोरे! येऽऽ कपिले!' डोंगर घुमायचा नुसता. घेतला आवाज. ताईंच्या डोळ्यात पाणी!

पुण्यात ताईंच्या कारेक्रमात गाणं वाजलं तर समदी डोळं मिटून बसली. मला वाटलं, झोपली. संपल्यावर टाळ्या! शेजारच्या दाढीवाल्याला हळूच इचारलं, 'कळालं का काय?' तर म्हणतो, 'कळायची गरजच नाही!' घ्या!

आला सुपारीचा दिवस. मांडवात पावणं बसल्यालं अन् भिकाबाबा म्हणले, 'आधी गाणं ऐकवा. मंग सुपारी फोडायची का न्हाई ते बघतो.' कर्णा लावला. नुसतं घूंऽऽऽ... माझी ती पट्टी! स्पीकरवाला गोरख मशीनला चापट्या मारतोय, 'क्यासेट अडकली!' म्हणलं, अडकली न्हाई भाऊ, ही कला हाय! उज्ज्वलाची आत्या सखूबाई म्हणती, 'पोरगं बरं हाय ना?' भिकाबाबांनी सुपारी उचलली अन् खिशात घातली. उज्ज्वला दाराआडून बघती, रडायच्या बेताला आल्याली...

अन् तेवढ्यात कर्ण्यातून, पार पल्याडच्या रानापत्तूर ऐकू जाईल अशा, बायडाबाई... 'येऽऽ मोरे! येऽऽ कपिले!'

भर दुपारी राव! डोंगरावरची समदी गुरं शेपट्या वर करून जी सुटली ती थेट मांडवात! पावण्यांच्या फेट्यांवर पाय, कपिलीचं त्वांड बुंदीत, माझा मामा खांबाला मिठी मारून वरडतोय, 'बंद करा रं ती कला!' बंद कोण करणार? गोरख आंब्यावर चढल्याला! अन् सगळ्यांच्या मागनं, चिखलानं माखल्याली, डुलत डुलत कोण आली म्हणता? मोरी!

भिकाबाबा म्हशीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले हो... अन् तिथंच, एक हात शिंगावर ठिवून, सुपारी फोडली!

लगीन झालं. मधी ताईंचा फोन, 'दादाभाऊ, गावात गाण्याला प्रतिसाद कसा आहे?' म्हणलं, ताई, रोज गर्दी! मधूनच उठून कोण जात न्हाई. आता ह्याहून जास्त काय सांगणार? सासूबाईंनी हाका मारायचं कवाच सोडलंय. मी सासुरवाडीला गेलो की अजून पाण्याचा तांब्या हातात आल्याला नसतो, तवर सासरा वरडतो, 'जावईबापू, लावा तुमची कला, धारा काढायच्यात!'