तुळशीराम कासाराचे नऊ सामने

मंडळी, आज कीर्तनात मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. पैज! हा तबल्यावरचा यशवंता बावीस वर्षं माझ्या शेजारी बसतोय, त्याचासुद्धा नाही. बघा, आत्ताच हसतोय! अरे, गोष्ट सुरू तर होऊ दे. कुठे हसायचं ते मी खुणेनं सांगेन.

पण त्याआधी एक प्रश्न. देव पावला म्हणून देवाच्या दारी जाणारे किती? मोजता येणार नाहीत! पोराचं लग्न जमलं, निघाले पेढे घेऊन. विहिरीला पाणी लागलं, निघाले नारळ घेऊन. बरोबर आहे ना? पण समजा, देव पावलाच नाही. एकदा गेलात, नाही. दोनदा गेलात, नाही. आठ वेळा गेलात आणि आठही वेळा हात हलवत परत आलात — तर नवव्यांदा जाल? कोण जाईल? हात वर करा! ... मावशी, तुम्ही हात वर केलात की वारा घेताय?

तर ऐका. इथून लांब, पार तिकडे डोंगराच्या पलीकडे मांजरखेडे नावाचं गाव आहे. त्या गावच्या शाळेत पोरींचा एक संघ होता. कशाचा? कबड्डीचा नव्हे, खो-खोचा नव्हे. बेसबॉलचा!

मागे कोण हसलं? हसू नका! शाळेचे गांगुर्डे सर वीस दिवसांच्या शिबिराला गेले, आणि येताना एक बॅट, तीन हातमोजे आणि एक शिट्टी घेऊन आले. त्या खेळात शिट्टी लागत नाही, हे त्यांना दोन वर्षांनी कळलं!

खेळ साधा आहे. एकीनं चेंडू फेकायचा, दुसरीनं मारायचा. बॅट कशी? तुमच्या घरच्या मुसळासारखी. तीनदा हुकलात की बाद. आणि लागला चेंडू, तर पळायचं! पहिलं नाकं, दुसरं नाकं, तिसरं नाकं, आणि जिथून निघालात तिथेच परत. त्या जागेला म्हणतात घर. घरी पोचलात की एक रन! म्हणजे बघा, घरून निघायचं, तीन नाकी ओलांडायची, सुखरूप घरी यायचं, आणि वाटेत नऊ जणी तुम्हाला बाद करायला टपलेल्या! यशवंता, हा खेळ झाला की संसार? एका बाजूला खेळाडू नऊ. डाव नऊ. आणि भक्ती किती प्रकारची? जोरात! नऊ!

आता ह्या खेळात आमचा कासार कुठून आला?

तुळशीराम कासार म्हणजे गावोगाव बांगड्या भरत फिरणारा माणूस. काटकुळा, मिशीला तेल, पाठीवर बांगड्यांचं ओझं. पोरी खेळायला निघाल्या, तर सर म्हणाले, ‘‘हातात काचेच्या बांगड्या चालणार नाहीत. लागेल.’’ झालं! आया उभ्या राहिल्या दारात. ‘‘सर, पोरींच्या हातातली काच कोण उतरवणार? फुटली म्हणजे?’’ शेवटी ठरलं, कासाराला बोलवा. तोच उतरवील, तोच परत भरील.

तुळशीराम आला. एकेकीचा हात हातात घ्यायचा, ‘‘सैल सोड गं, सैल,’’ म्हणायचा, आणि चारही बोटांवरून बांगड्या अशा सरकायच्या की पोरीला कळायचंही नाही. नऊ जणींच्या बांगड्या नऊ फडक्यांत बांधल्या, मांडीवर घेतल्या आणि बसला कडेला. सामना संपेपर्यंत जाणार कुठे? बसला, बघत राहिला, आणि अडकला! पोरी हरल्या, मंडळी. एकतीस-शून्य!

शून्य कसं, तेही ऐका. नववा डाव. एक पोरगी तिसऱ्या नाक्यापर्यंत पोचली! आमच्या तुळशीरामाला राहवेना. उठला आणि ओरडला, ‘‘पळ गं, घरी पळ! घरी!’’ पोर बिचारी आज्ञाधारक. तिनं मैदान सोडलं, शाळेचं फाटक ओलांडलं, मारुतीला वळसा घातला आणि थेट आपल्या घरी! आई भाकऱ्या थापत होती. म्हणाली, ‘‘काय गं, एवढ्यात सुटली शाळा?’’ पंचांनी इकडे बाद दिलं. त्या दिवसापासून मांजरखेड्यात त्या जागेला घर म्हणत नाहीत, उंबरा म्हणतात!

पोरी रडायला लागल्या. तुळशीराम एकेकीच्या हातात बांगड्या भरत होता. एक म्हणाली, ‘‘काका, हरलो हो.’’

त्यानं हात थांबवला. ‘‘असं बोलू नये.’’

‘‘मग काय बोलू?’’

‘‘बांगडी फुटली असं आम्ही म्हणतो का? काय म्हणतो?’’

‘‘वाढवली.’’

‘‘मग? सामना वाढवला म्हण!’’

वा! बायांनो, तुम्हाला कळलं, ह्या पुरुषांना सांगावं लागेल. अहो, दुकान संध्याकाळी बंद करता का? वाढवता! जे संपलं असं वाटतं, त्याला आपली भाषा काय म्हणते? वाढलं! हे पंडिताला नाही सुचलं, कासाराला सुचलं.

आता गोष्टीत गाठ येते. शाळेच्या संस्थेचे चेअरमन होते रंगनाथ आबा. माणूस वाईट नव्हता हो, पण त्यांना त्या मैदानात कांदाचाळ बांधायची होती. सभेत म्हणाले, ‘‘सर, बंद करा हा खेळ. कोण बघतं ह्या पोरींना? यंदाचे नऊच्या नऊ सामने, पहिल्या चेंडूपासून शेवटची पोर बाद होईपर्यंत, गावातल्या एका तरी माणसानं बसून बघून दाखवावेत! दाखवले तर संघ राहील, मैदान राहील. एक चुकला तरी चाळ!’’

सभेत सगळे हसले. आणि दारातून आवाज आला, ‘‘मी बघतो की.’’

कोण? तुळशीराम! बायकोला विचारायच्या आधी आबांना शब्द देऊन बसला. घरी गेल्यावर काय झालं ते मी सांगत नाही. तुम्ही विवाहित आहात.

लक्षात घ्या हं! पोरींनी जिंकायची अट नव्हती. ह्यानं बघायची होती. पोरींचा खेळ कुणाच्या हातात? जो खेळत नाही त्याच्या!

आणि बघितले त्यानं! दुसरा सामना, तिसरा सामना. चौथ्याला नदीला पूर. पूल पाण्याखाली. तुळशीरामानं काय केलं? शेजाऱ्याची म्हैस सोडली, तिच्या पाठीवर बसला, बांगड्यांचं गाठोडं डोक्यावर, आणि निघाला. मध्यात म्हैस बुडी मारून बसली, तर हा उभा राहिला! पाण्यावर दिसतंय काय? एक मिशी आणि एक गाठोडं! पलीकडे पोचल्यावर गाठोडं सोडलं, तर बांगड्या सुक्या, आणि आत एक मासा. तोही म्हणे सामना बघायला थांबला!

सहाव्या सामन्याला एकशे चार ताप. अंगावर दोन घोंगड्या घेऊन मैदानाच्या कडेला बसला. वाटेनं चाललेल्या एका म्हातारीनं त्याच्या कपाळावर पापड भाजून घेतले. यशवंता, आता हस!

पोरी मात्र हरतच होत्या. एकवीस-एक. अठरा-दोन. पण तुळशीराम काय बघायचा? तो आकडे बघायचाच नाही. बांगड्या भरताना मनगट बघायचा! ‘‘अगं हेमलते, तुला आखाडात सव्वादोनच्या बसत होत्या. आता अडीचच्या लागतात! मनगट भरलं की गं तुझं!’’ बापाला नसेल कळलं, आईला नसेल कळलं. पोर कशी तयार होते आहे, ते कळलं कुणाला? जो प्रत्येक वेळी हजर होता त्याला!

आठ सामने झाले. आठ वाढवले! उरला एक. गुरुवारी, सकाळी दहा, तालुक्याच्या मैदानावर.

आणि बुधवारी आबांचा गडी आला निरोप घेऊन. ‘‘आमच्या वैजूताईंचा चुडा उद्या. मुहूर्त दहाचा. कासारानं हजर राहावं.’’

आता आली का पंचाईत! आबांची एकुलती एक लेक. नवरीचा चुडा कासारावाचून भरत नाही. आणि नवरीच्या हाताला नाही म्हणणारा कासार अजून जन्मला नाही! गेला चुड्याला, तर पोरींचं मैदान जातं. गेला मैदानावर, तर नवरी मोकळ्या हातांनी बसते. आबांनी मुहूर्त मुद्दाम काढला होता का? मी नाही म्हणत. भटजी म्हणत होते!

गुरुवारी सातलाच तुळशीराम आबांच्या ओट्यावर. आबा खूश. ‘‘या या, तुळशीरामबुवा. आज सामन्याला नाही गेलात?’’

तुळशीराम सरळ आत गेला, हळद लागलेल्या नवरीसमोर बसला आणि म्हणाला, ‘‘वैजूताई, तुला खोटं सांगून हात धरणार नाही. इथे बसलो तर पोरींचं मैदान जाईल. उठलो तर तुझे हात मोकळे राहतील. काय करू?’’

वैजूनं विचारलं, ‘‘काका, मुहूर्त कितीचा?’’

‘‘दहाचा.’’

‘‘वेळ ठरली आहे. जागा कुणी ठरवली आहे?’’

शाब्बास गं पोरी! आबांचीच लेक, बुद्धी जाणार कुठे? उठली! हळदीच्या अंगानं उठली आणि आबांच्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढली. तिच्यामागं मावशी, तिच्यामागं आत्या, तिच्यामागं चुलत्या, शेजारणी, करवल्या. चाळीस बायका! गाणी म्हणत निघाल्या. आबा मागून मोटरसायकलवर, ‘‘अगं थांबा! अगं पाहुणे यायचेत!’’ कोण थांबतंय?

दहाला पाच कमी असताना ट्रॉली मैदानात. आठ सामने एकटा तुळशीराम होता, नवव्याला चाळीस बायका आणि एक नवरी! पोरींनी बघितलं, आणि बॅट धरायला विसरल्या. पंचांनी विचारलं, ‘‘हे वऱ्हाड कुणाकडून?’’

तुळशीरामानं आधी पोरींच्या बांगड्या उतरवल्या. मग नवरीचा हात घेतला. आणि मंडळी, ह्या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला इथून हात जोडतो. डोळे मैदानावर आणि बोटं नवरीच्या मनगटावर! ‘‘सैल सोड गं, ताई... अरे, पकड, पकड!... सैल... सुटला, असू दे, असू दे!... झाली ही सातवी.’’ एकवीस हिरव्या बांगड्या. एकदाही खाली बघितलं नाही, आणि एकही फुटली... चुकलो! एकही वाढली नाही! आबा आले तणतणत, आणि लेकीच्या मागं उभे राहिले. काय करतात? उभ्या उभ्या त्यांनाही सामना बघावा लागला!

आता शेवटचा डाव. ऐका, श्वास रोखून धरा. पाच-चार! आपण एकानं मागे. दोघी बाद. एक पोर दुसऱ्या नाक्यावर उभी. आणि बॅट घेऊन आली कोण? हेमलता! पहिला चेंडू... हुकला. दुसरा... हुकला. तिसरा आला, आणि तिनं ते अडीचचं मनगट असं फिरवलं, की खाड्! चेंडू वर गेला. चिंचेच्या वर, पाण्याच्या टाकीच्या वर, एसटी स्टँडच्या वर! तिथून एक ट्रक चालला होता इंदूरला, त्यात पडला, आणि इंदुरात उतरवून घेतला! हेमलता पळाली, पहिलं नाकं, दुसरं नाकं, तिसरं नाकं, आणि उंबऱ्यावर! सहा-पाच! जिंकल्या! आबांच्या डोळ्यांत पाणी, चाळ गेली वाहून! नवरीनं चुडा भरलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या, त्याचा आवाज मी स्वतः ऐकला!

आता मंडळी, माझ्याकडे बघा. तुम्ही कुणाच्या पाठीशी उभे राहता? निवडून आला की त्याचा सत्कार. पोराला नव्वद टक्के पडले की पेढे. आणि नापास झाला की? पाहुण्यांसमोर त्याला बाहेर येऊ देत नाही तुम्ही! कोण बसतं त्याच्या शेजारी? कोण बघतं त्याचं मनगट? अरे, नऊ वेळा बसून बघा! नऊ वेळा निष्ठेनं बसलात, तर माझा शब्द आहे, विजय ठेवलेलाच आहे! तुळशीरामाच्या पोरी शेवटी जिंकल्याच ना? म्हणून म्हणतो...

काय? कोण बोललं? बायकांच्या बाजूनं कोण बोललं?

‘‘खोटं आहे, बुवा!’’

अहो सासूबाई, त्यांचा पदर ओढू नका, बोलू द्या. कोण तुम्ही, ताई?

‘‘मी हेमलता. मांजरखेड्याची. ह्या गावात दिली मला. बुवा, कुठला ट्रक आणि कुठलं इंदूर? तिसरा चेंडूही हुकला. पंधरा-तीन झाले होते. शेवटची बाद मीच झाले.’’

मग... मग तुळशीराम?

‘‘तिथेच बसले होते. चुडा कधीच भरून झाला होता, बाकीच्या बायका ट्रॉलीत जाऊन बसल्या होत्या, तरी बसले होते. आबा म्हणाले, ‘बघितलेस रे बाबा, नऊच्या नऊ.’ काकांचं लक्षच नव्हतं. मी बॅट ओढत, रडत आले. माझा हात घेतला, बांगड्या भरायला लागले, आणि विचारतात कसे, ‘हेमे, पुढल्या वर्षीचा पहिला सामना कुठे आहे गं?’’’