वाळवंटाकडे निघालेली सायकल

वाळवंटाचं नाव काढलंत म्हणून सांगतो, ब्याऐंशी साली आम्हीही निघालो होतो. सानगडीहून सायकलनं, थेट राजस्थानच्या वाळवंटात.

तीन महिने नुसतं नियोजन चाललं. समिती झाली, मी उपाध्यक्ष झालो. अध्यक्ष वसंता, कारण शाळेच्या नकाशावर लाल पेन्सिलीनं रेघ त्यानं ओढली होती. मी एकदाच विचारलं, "वसंता, पाण्याचं कसं?"

"काहून घाबरून राहिला बे? गाव आलं का तलाव येतेच. पाळीवर, पाण्याच्या काठालेच मुक्काम करू."

सगळ्यांना पटलं. तलाव नसलेलं गाव आमच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं.

सत्कार मात्र आधीच उरकून घेतला. परत आल्यावर सरपंचांना सवड असेलच, असं काही नाही. गळ्यातले हार तसेच ठेवून साकोलीच्या रस्त्याला लागलो, तर गावाबाहेर पडतो न पडतो तोच अध्यक्षांच्या मागच्या चाकाची हवा गेली. तलावावर गेलो आणि ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे कुठून येतात ते पाहू लागलो. बाजूला एक म्हातारे शेतकरी बैल धूत होते. ते आमच्या हारांकडे पाहत राहिले.

"कुठं चालले बा?"

"वाळवंटात, मामाजी."

"अन् तिथं ट्यूब कशात बुडवसान?"

वसंतानं ट्यूबकडे पाहिलं, तलावाकडे पाहिलं, मग अध्यक्षाच्या आवाजात मला म्हणाला, "उपाध्यक्ष, वाळवंट बदलवा लागते. पाणी असलेलं एखादं पाहून ठेवा."